बिनकुलपाचा चाकू

बाबा, तुमचा घडीचा चाकू अजून माझ्या खिशात असतो, फक्त कामावर आत येत नाही. पॉवर हाऊसच्या गेटवर आता तपासणी असते, पात्याची वस्तू नेता येत नाही. नियम बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. सकाळी मी तो समोरच्या चहाच्या टपरीवर ठेवतो. टपरीवाली बाई साखरेच्या डब्यामागे जागा करते आणि म्हणते, "आणा जी तुमचा कैदी. संध्याकाळी सुटते तो." कैदी बाहेर राहतो आणि मी आत जातो. माझ्या आत जाण्याला एकतीस वर्षं झाली. तुम्ही जिथे याच चाकूने केबल सोलायचात, त्याच विभागात मी कागद सरकवतो.

मी बारा वर्षांचा आहे. तान्ह्या पोळ्याला, पोरांनी लाकडी बैल मिरवायच्या सणाला, आठ दिवस उरलेत आणि क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून मी सागाच्या तुकड्यातून बैल काढतोय, तुमच्या चाकूने, तुम्हाला न विचारता. वशिंडाशी टोक रोवून जोर देतो आणि पातं माझ्याच बोटांवर मिटतं. तुम्ही धावत आलात, बोटांवर हळद दाबून धरलीत आणि रक्त थांबल्यावर मग रागावलात. "काहून जोर लावला गा? याले कुलूप नसते. आतल्या पट्टीचा दाब असते फक्त. तूच मानून घेतलं का पातं पक्कं झालं." चाकू मिटून तुमच्या खिशात गेला. दुसऱ्या दिवशी बैलाला चाकं मात्र तुम्हीच लावून दिलीत. त्याचं उजवं शिंग आखूडच राहिलं.

आता असे चाकू माझ्याकडे बत्तीस आहेत, तुमचा धरून. मिठाईच्या मोठ्या डब्यात, जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले. एक रामटेकच्या जत्रेतला, हाडाच्या मुठीचा. एक संत्र्याची कलमं बांधणाऱ्या म्हाताऱ्याकडून मागून आणलेला, पातं झिजून काडीएवढं उरलेलं. चारपाच महाल भागातल्या एका लोखंडाच्या दुकानातले, मालकाने दुकान आवरताना माझ्यासाठी बाजूला काढलेले. खटक्याचा किंवा कुलपाचा चाकू मी घेत नाही. लोक विचारतात, हा काय छंद? मी म्हणतो, वडिलांची आठवण. हे खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. हातात लाकूड घेण्याऐवजी मी चाकू जमवत राहिलो.

बडोद्याला मूर्तिकाम शिकायला माझा नंबर लागला त्या दिवशी आई कैऱ्या चिरत होती. तुम्ही ड्युटीवरून आलात, स्वयंपाकघरातच चाकू धुतलात, शर्टाला पुसलात, मिटलात आणि माझ्यापुढे धरलात. "उघडा चाकू कोणाच्या हाती देऊ नाही. घे. तिकडे लाकूड भेटन तुले." शर्टाला पुसलात म्हणून आई बोललीच. जायला महिना उरला होता आणि तुम्ही एका पहाटे उठलाच नाहीत.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. बाप गेला, पोराने शिक्षणावर पाणी सोडलं, अनुकंपेवर नोकरी धरली, आईला सांभाळलं. कॉलनीत मला श्रावणबाळ म्हणत. तुम्हाला मात्र उरलेलं सांगतो. तेराव्यानंतर त्याच स्वयंपाकघरात आई म्हणाली होती, "तू जाय गा बडोद्याले. नोकरी मले भेटते, मी साहेबाले इचारून आली. काहून थांबून राहिला?" मी म्हणालो, मी असताना तू कशाला राबायचं? आईला कळलं असावं. बडोद्याला मुलाखतीला गेलो तेव्हा मी बाकीच्या पोरांचं काम पाहिलं होतं. त्यांची माणसं आता बोलतील अशी, आणि माझ्या पिशवीत चाकांचे बैल. मी घाबरलो होतो, बाबा. तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडलो, पण त्या रडण्यात कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. आणि वर एवढी वर्षं मनातल्या मनात तुम्हालाच बोल लावला, की तुमच्या मरणाने मला या दोन खोल्यांत अडकवलं.

हे आज लिहायचं कारण तुमची नात. आईनंतर तुमची सून जाऊनही दोन वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. पोरीला बंगलोरला नोकरी लागली आहे, तिला हवी होती तशीच. उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे आणि ती नाही म्हणणार आहे. मी जा म्हणालो, तर म्हणाली, "तुम्ही आजीसाठी बडोदं सोडलं ना बाबा? मंग मी तुम्हाले एकट्याले टाकून कशी जाऊ?" श्रावणबाळाची ही गोष्ट तिला लहानपणापासून मीच सांगत आलोय, भाताच्या घासाबरोबर. आता ती गोष्टच तिच्या पायात अडकली आहे. ती सोडवायला मला एकच वाक्य बोलायचं आहे, की मला कोणी अडवलं नव्हतं. काल जेवताना ते ओठांवर आलं होतं. मी भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालो.

रविवारी दुपारी चाकूंना तेल तीच घालते. आताही बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बसली होती. मघाशी तिने विचारलं, "काय लिहून राहिले बाबा?" मी म्हणालो, ऑफिसचं. मग ती उठून आली. तुमच्या चाकूला तेल घालून झालं होतं. पातं दोनदा उघडमीट करून तिने तो मिटला, जसं तिला मीच शिकवलं होतं तसं, आणि माझ्यापुढे धरला. राहू दे तुझ्याकडे, तिकडे घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. मी हात पुढे केला, चाकू घेतला आणि खिशात टाकला. ती गेली नाही तर मला बरं वाटेल, बाबा.