लाल शेपटीचे फोटो

दादा,

पिंजऱ्यावरची चादर ओढण्याआधी हे वाच. मास्तरने स्वतःच्याच छातीवरची सगळी पिसं उपटून टाकली आहेत. तुझा ऐटबाज राखी पोपट आता समोरून बघवत नाही. म्हणून तर तू बोटीवर असताना मी त्याचे फोटो पाठीमागून काढून पाठवायचे, लाल शेपटी दिसेल असे. तू खूश व्हायचास आणि मी पुढचा फोटोही तसाच काढायचे.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार काही नाही, एकटा पडलाय. खरं सांगते, बेकरीत डबल पाळी मी तुला कळवायचे तशी रोज नव्हती, आठवड्यातून दोनच दिवस असायची. बाकी दिवस मी मैत्रिणीकडे जाऊन बसायचे. घरात तो सारखी तुझी शीळ घालायचा आणि मला काही तुझ्यासारखं उत्तर देता येईना.

तू येणार म्हणून आजची पाळीही बदलून मिळाली असती. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

डाळिंब सोलून ठेवलंय. सूर्यफुलाच्या बिया मागेल, दोनच दे. चार वाजता त्याला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंय, न्यायची पेटी कपाटावर आहे.

आणि एक. रोज निघताना मी त्याला म्हणायचे, "आलेच हं पाच मिनिटांत." आज मुद्दाम काही बोलले नाही. गुपचूप चपला चढवल्या, तर चादरीखालून माझ्याच आवाजात तोच म्हणाला, "आलेच हं पाच मिनिटांत."

छोटी