दुसरा श्रोता

१८ नोव्हें. ०७, रवि.
वांगी तोडली. किडकी गाईला.
समुद्रपूरला गेलो. बियाण्याचा दुकानदार म्हणाला, "तुमचा अरुण कम्प्युटरवर बोलून राह्यला ना भाऊ. नागपुरात बसून. शेतातल्या गोष्टी सांगते." चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. मी विचारलं नव्हतं.
धाकट्या भावाशी बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली. वाटणी झाली नि आपला तुकडा विकून गेला. विहीर माझ्या बाजूला आली, त्याचा राग. तोंडानं बोलला नाही, पण मला काय कळत नाही होय!
चिठ्ठी खिशात.

२० नोव्हें., मंगळ.
शोभाताईंचा सायबर कॅफे. आधी तिथे त्यांचा एस.टी.डी. बूथ होता. अरुण कम्प्युटरवर बोलतो, त्याला पॉडकास्ट म्हणतात. म्हटलं, किती वाजता लागतो? हसल्या. "वाजता-बिजता काई नाई. घरी पेपर लावता ना भाऊ, तसंच. एकदा लावला का नवीन भाग आपल्या मनानं उतरते." वर्गणी? "फुकट." फुकट म्हटलं की मला संशयच येतो.
चिठ्ठीतला पत्ता टाकून अरुणचं पान उघडलं. त्यावरची केशरी खूण दाबली, तिथला पत्ता उचलून दुसऱ्या प्रोग्रामात टाकला. झालं. पानाच्या तळाशी आकडा. श्रोते : १. उद्यापर्यंत २ होईल म्हणाल्या.

२५ नोव्हें., रवि.
नवा भाग रविवारी अकराला, असं पानावर आहे. तोड अर्धी टाकून सायकल हाणत गेलो. भारनियमन. कॅफे बंद. हुकला म्हणायचं. शोभाताई पायरीवर मेथी निवडत बसलेल्या. "हुकत नाई भाऊ. रेडिओ थोडीच आहे! तुमच्यासाठी थांबून राह्यते तो."
साडेतीनला लाईट आली. खरंच थांबला होता.
बाजारात भाजीवर पाणी कसं मारायचं, ते सांगत होता. बरं सांगतो. आवाज बाबांसारखा झालाय. शेवटी म्हणाला, "ऐकणारे दोघं. एक आमची बायको. दुसरे कोण, मले मालूम नाई. त्याईले राम राम."
मी राम राम म्हटलं नाही.

२८ नोव्हें., बुध.
जुने भागही मिळतात. शोभाताईंनी सीडी भरून दिली. घरी व्हीसीडी प्लेयरवर लावली. सौ. कणीक मळत होती, हात थांबले. "हे त अरुणभाऊजी!" मग, "फोन काऊन नाई करत तुम्ही?"
मी आवाज वाढवला.

२ डिसें., रवि.
नवा भाग विहिरीचा. आठवतं तसं लिहून ठेवतो.
"चार वर्षांचा होतो, विहिरीत पडलो. दादा अकराचा. त्यानं उडी मारून मले काढलं. बाबा सांगत, दादा होता म्हणून तू आहेस. म्हणून वाटणीत मी विहिरीचं नावच काढलं नाई. ज्यानं पाण्यातून काढलं, त्याले पाणी काय मागायचं?"
दोनदा ऐकलं. घरी येऊन जेवलो नाही.

३ डिसें., सोम.
खरं असं. त्याच्याकडे लक्ष ठेवायला मला बसवलं होतं. मी बोरं वेचायला गेलो. परत आलो तेव्हा तो पाण्यात. मी काठावर उभा. ओरडलोसुद्धा नाही. उडी बाबांनी मारली, धोतरासकट. संध्याकाळी मला म्हणाले, "त्याले मी सांगीन, तूच काढलं. भावाले धरून राह्यन तो." मी मान हलवली. अकराचा होतो. पण पन्नाशी उलटली तरी...
म्हणजे त्याला राग नव्हताच. त्याच्या नावानं मीच सहा वर्षं तो धरून बसलो. लाज वाटते.

५ डिसें., बुध.
सौ.ला सांगितलं. "आता सांगून त्याचा दादा काऊन हिसकता?" घटकाभरानं, "नाई सांगितलं त ते पाणी पचन का तुम्हाले?" दोन्ही बाजूंनी हीच बोलते.

९ डिसें., रवि.
आज भाग आला नाही. पानावर अभिप्रायाची चौकट असते. शोभाताई टाइप करून देते म्हणाल्या. नको म्हटलं. एका बोटानं, पाऊण तास.
"दुसरा श्रोता मी. उडी बाबांनी मारली होती. मी बोरं वेचायला गेलतो. विहीर अर्धी तुझी. दादा."
पाठवलं. आधी तो वाचणार, त्यानं होकार दिला तरच पानावर दिसणार, असं आहे.

१३ डिसें., गुरु.
पानावर नाही. श्रोते : २.
कपाशीची वेचणी.

१६ डिसें., रवि.
अकराला पोचलो. लाईट होती. नवीन भाग उतरलेला. नाव 'विहीर, पुन्हा'. त्याचे भाग वीस-वीस मिनिटांचे असतात, हा दोन मिनिटांचा. शोभाताईंनी हेडफोन पुढे केला. हात पुढे होईना. विचारलं, "थांबून राह्यते ना तो?"
"राह्यते ना भाऊ. कुठं जाते?"
सायकल काढली. वांग्यांची तोड राहिली होती.