नावाड्याचं एक पान

४ फेब्रुवारी १९९६, बारामती
कऱ्हाटीचा बुद्धघोष आला होता. पहिलाच सिनेमा करतोय. शूटिंग नरसिंहपूरला, संगमावर. म्हाताऱ्या नावाड्याचा रोल मला. मुलगा बुडालाय आणि नावाडी नदीशी बोलतो. संवाद एक पान. चाळीस वर्षं रंगभूमी, सतरा चित्रपट. एक पान म्हणजे विश्रांतीच.

५ फेब्रुवारी
अनसूया म्हणाली, आजच पाठ करायला बसा. बायकोला सांगितलं, संवाद पाठ करायचे नसतात, मुरवायचे असतात. दुपारी झोप.

९ फेब्रुवारी
तालीम. कागद अनसूयाच्या हातात. तिसऱ्या वाक्याला थांबलो. हा पॉज आहे, म्हणालो. तिनं विचारलं, केवढा?

११ फेब्रुवारी
पुन्हा तिसरं वाक्य. कवळी सैल आहे. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८.३०
गजराचं घड्याळ दुरुस्तीला द्यावं.

१४ फेब्रुवारी
अनसूया म्हणते, बुद्धघोषला आधीच सांगू या. काय सांगायचं, असं विचारलं तर कागदाची घडी घालू लागली. शेवटच्या नाटकात दुसऱ्या अंकातच पडदा पडला, तो तिच्या डोक्यात आहे. दोर तुटला होता. किती वेळा सांगायचं?
आज तालीम नको. थंडी फार.

१६ फेब्रुवारी, नरसिंहपूर, दुपारी १२
सात टेक. ऊन डोळ्यांवर येतंय. बुद्धघोष कानाशी येऊन म्हणाला, "आबा, फळ्यावर लिहून धरू का?" मी नको म्हणालो.

दुपारी २
अकरावा टेक. पहिलं वाक्यही गेलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, बारामती
काल अकराव्या टेकनंतर अनसूया उठली आणि नावेत माझ्याशेजारी येऊन बसली. मला आठवण करून द्यायला म्हणून बोलू लागली. नदीकडे बघत अख्खं पान बोलली. हातात कागद नव्हता. कॅमेरा चालू होता, हे तिच्या गावीही नव्हतं.
बुद्धघोषनं डोळे पुसले. म्हणाला, "आबा, हे आईंचंच राहू द्या. नावाड्याची बायकू बोलती हाय. तुमी नुसतं पाण्याकडं बघा."
गप्प बसणं हा सर्वांत कठीण अभिनय, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. कॅमेऱ्याला ते दुःख वाटलं.
एसटीत अनसूयानं विचारलं, कसं बोलले मी? चांगलं, म्हणालो. 'माझ्यापेक्षा' हा शब्द तोंडातून निघायला इंदापूर यावं लागलं.