हेल्मेट डिकीत होतं

७ एप्रिल, सोमवार
आजही जेवताना साहेब! शिवानी कोर्टात स्टेनो. दिवसभर साहेबांचे निकाल टंकते आणि रात्री मला त्यांचे विनोद वाढते. आज कुणी तरुण म्हणाला, हेल्मेट डिकीत होतं. तर साहेब — “वा! म्हणजे डिकीचं डोकं शाबूत.” सांगताना ती हसून हसून ठसकली. मला वाक्य ओळखीचं वाटलं. चांगली वाक्यं वाटतातच.
“अहो, पुढचं ऐका तरी—”
मी पाणी आणायला उठलो. भरलेला तांब्या समोरच होता.

८ एप्रिल
षड्रिपूंत मत्सर सहावा. आमच्याकडे तो पहिल्या चहालाच हजर.

१९ एप्रिल, शनिवार
बातमीसाठी किहीमला निघालो. नाक्यावर हवालदार रघूने अडवलं. हेल्मेट? डिकीत! खरंच होतं.
“काका, मिसेस कोर्टातच हायत ना? मग तारीख घरीच घ्या की!”
दंड भरून जागेवर सुटलो असतो. नाही भरला. कोर्टात उभा राहणार. गुन्हा कबूल नाही म्हणणार आणि असा युक्तिवाद करणार की साहेब निरुत्तर! शिवानी समोरच असेल. बघू दे तिला, दोघांत हुशार कोण.

२८ एप्रिल
पुकारा झाला. घसा खाकरून उभा राहिलो. साहेबांनी शिवानीकडे पाहिलं.
“मॅडम, हे तुमचे मिस्टर ना? तुम्ही जरा बाहेर बसा.”
गेली! माझा अख्खा युक्तिवाद तिच्या मागोमाग दाराबाहेर.
“हेल्मेट कुठे होतं?”
“डिकीत.”
साहेब हसले. “पुढचं तुम्हीच म्हणा. वाक्य तुमचंच आहे. तुमचे मेहुणे पडले तेव्हाचं — मॅडमनी सांगितलं होतं.”
आठवलं. महिपत स्कूटरवरून पडला तेव्हा दवाखान्यात मीच म्हणालो होतो!
गुन्हा कबूल. दंड भरला. बाहेर शिवानी — “त्या दिवशी तेच तर सांगत होते. पण तुम्हाला तहान!”

२ जून
साहेबांची बदली झाली. घ्या, माझ्या मनासारखं झालं. रात्री जेवायला बसलो. निरोपाच्या हारांवरून मी काहीतरी बोललो. शिवानी खळखळून हसली. मग भात चिवडत म्हणाली, “आता हे उद्या कुणाला सांगू?”

३ जून
नवे साहेब कधी येतायत — नाक्यावर थांबून रघूकडे चौकशी केली. हेल्मेट डोक्यावर होतं.