पिवळ्या थरातल्या दाढा

९ फेब्रुवारी

सकाळपासून अठरा बादल्या माती धुतली. कंबर कामातून गेली. हाती काय, तर उंदराच्या तीन दाढा, राजगिऱ्याएवढ्या.

लोक विचारतात, उंदरात काय ठेवलंय? सांगून सांगून कंटाळले. उंदराची दाढ हजारो वर्षांत बदलत जाते. दाढ जुन्या घडणीची, तर मातीचा थरही जुना. गोदाकाठचा हा पिवळा थर सगळे लाखभर वर्षांचा मानतात. मला सापडलेल्या दाढा मात्र आजच्या उंदरांसारख्या – म्हणजे थर कोवळा, फार तर पाच हजार वर्षांचा. चार वर्षं या एका वाक्यावर काढली. महिनाअखेर प्रबंध द्यायचा. मग मरणाची झोपणार.

११ फेब्रुवारी

अंबडची बस चुकली. दोन तास फाट्यावर.

१४ फेब्रुवारी

गाइड सरांचा फोन – 'दाढांवरचा आपला पेपर जर्नलनं स्वीकारला. तुझं नाव पहिलं!' आनंद व्हायला पाहिजे होता. झाला बहुतेक. अंगात त्राण न्हाई.

१६ फेब्रुवारी

शेवटची खेप. पहिल्या दिवसापासून गावातल्या साखराबाई मजुरीवर वर दरड खोदून घमेली भरून देतात, मी खाली पाण्याशी चाळणी धरून. भाकरी खाताना सहज म्हणाले, 'मावशी, तुमच्या हाताला यश आहे. तुम्ही नसताना दुसऱ्या कुणी खोदलं की एक दात सापडत न्हाई.'

'यश कशाचं? बाहत्तरच्या दुष्काळात आमी उंदराची बिळं उकरून ज्वारी खाल्ल्ती. मी दहा वर्षांची आसंल. बुजलेलं बीळ बी हाताला बराबर कळतं, माती भुसभुशीत लागती. तूच म्हणल्ती, उंदराचे दात पायजेत. मंग बिळंच हुडकून देऊन राह्यले.'

'सगळे दात बिळातले?'

'मंग? उंदीर आनखी कुठं राह्यतो?'

भाकरी खाली ठेवली. कालपरवाच्या उंदरांनी जुन्या थरात बिळं केली, तिथंच मेले. थर असेल लाखभर वर्षांचाच. माझी चार वर्षं मातीत.

रागवायचं कुणावर? चार वर्षांत मी एकदाही वर जाऊन पाहिलं न्हाई, दात निघतात कुठून. त्यांना वाटलं, पोरगी उन्हात वाळून राह्यली, जल्दी सुटावी. मला रडूच फुटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. उन्ह लागलं म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी

सरांना पत्र लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. पेपर मागं घ्यावा लागेल, एवढंच वाक्य नीट उतरलं.

१८ फेब्रुवारी

शेवटी फोनच केला. सगळं सांगितलं. सर म्हणाले, 'त्या बाईला लिहिता-वाचता येतं का?'

मी न्हाई म्हणाले.

'मग प्रबंध वेळेत दे.'

मी हो म्हणाले.