दादाची साखर

११ नोव्हें. ७४, सोम.
दादाला गावाहून, कुहीहून आणले. पाठीवर काळपुळी, तळहाताएवढी. ताप, ग्लानी. धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केले. डॉ. म्हणाले, साखर फार चढलीय, जिवाला धोका. आधी इन्शुलिन, ती उतरली की पाठ चिरून पू काढू.
लघवी मीच तपासतो म्हटले. माझी स्वतःची कैक वर्षे तपासतो, पुस्तक वाचून शिकलो, कुणी शिकवले नाही. निळ्या औषधात आठ थेंब, मोजून. उकळले. रंग विटकरी. म्हणजे भरपूर.

१२, मंगळ.
पुन्हा विटकरी. इन्शुलिन चालू असून? शोधले. वहिनीच्या पिशवीत ग्लुकोजचा डबा! शेजारच्या खाटेवालीने सांगितले, शक्ती येते. वहिनी कालपासून चमच्याने पाजत होती.
व्हरांड्यात सगळ्यांदेखत बोललो. साखरेचा कण पोटात गेला तर दादा गेला समजा, म्हटले. तिच्या कुंकवाकडे बोट करून.

१४, गुरु.
रंग नारिंगी, साखर उतरतेय. काल पाठ चिरली, वाटीभर पू. दादा आज शुद्धीवर. मला परीक्षानळी धरलेला पाहून म्हणतो, "मॅट्रिकात नापास, अन् माही लघवी तपासून राहिला गा."
हसलो.

१५, शुक्र.
लिहवत नाही. तरी.
सकाळी इन्शुलिन नेहमीइतकेच दिले. पू गेला की साखर आपसूक उतरते, हे कुणाच्या ध्यानात नाही. माझ्याही. दादा जेवला नाही. मी छापखान्यात, कामावर. दुपारी त्याला दरदरून घाम, हात थरथर. गोड मागत होता म्हणे. वहिनी नुसती घाम पुसत बसली. बेशुद्ध पडला तेव्हा सिस्टरला हाक. शिरेतून ग्लुकोज दिले, पण
डॉ. म्हणाले, उशीर झाला. चमचाभर साखर पुरली असती.
वहिनीला विचारले, काहून नाही दिली?
"तुमीच तं सांगतलं व्हतं, भाऊजी."
आवाजात राग नव्हता.

१७, रवि.
ताप नाही. रंग हिरवट, हवा तसा. दादा डोळे उघडतो, ओळखत नाही. डॉ. वाट पाहा म्हणतात. किती, ते सांगत नाहीत.
संध्याकाळी गेलो तर त्याचे ओठ सुकून फुटलेले. वहिनी ओला बोळा हातात धरून, तशीच.
"ओठ ओले करू काय, भाऊजी?"
सिस्टरला विचारा, म्हटले. ती उठली नाही. माझ्याकडेच पाहत राहिली.