लॉग आऊट करू नये

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
आस्थापना विभाग, धागादीप सहकारी पतसंस्था,
मुख्य कार्यालय, सोलापूर.

अर्जदार : सुबोध नागप्पा हत्तुरे, लिपिक, अक्कलकोट रोड एमआयडीसी शाखा.

विषय : श्रीमती अनिसा नदाफ, लिपिक, यांची करमाळा शाखेत झालेली बदली रद्द करणेबाबत. ती त्यांनी मागितलेलीच नव्हती.

संदर्भ : त्यांच्या खात्यावरून आपणांस आलेला विनंती-मेल, जो अर्जदाराने लिहिला.

महोदय,

संदर्भ वाचून आपण कपाळाला हात लावला असेल. अर्जदाराचा तर तिथून अजून निघालेला नाही.

१. शाखेत मेलसाठी सर्वांना मिळून एकच संगणक आहे. रोखपाल वीरभद्रप्पा पासवर्ड विसरत आणि दर वेळी अर्जदारास हाक मारीत. या कटकटीस वैतागून अर्जदाराने पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली, 'कृपया लॉग आऊट करू नये', आणि वर शाखेचा शिक्का मारला. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप! अनिसा मॅडम तोवर काम झाले की आपला मेल न चुकता बंद करीत. शिक्का पाहून त्यांनी ते सोडले.

२. अर्जदाराची पत्नी करमाळ्यास शिक्षिका आहे. सबब अर्जदाराने जेवणाच्या सुटीत, घाईघाईने, 'मला करमाळा शाखेत बदली मिळावी' असा मेल लिहिला. नाव घातले नाही, कारण नाव-हुद्दा खाली आपोआप येतो. तसा तो आलाही, पण मॅडमचा. उघडा होता तो त्यांचा मेल, आणि अर्जदाराने न पाहताच पाठवून दिला. आपल्या विभागाने एवढी तत्परता पूर्वी कधी दाखवली नव्हती, ती नेमकी याच वेळी दाखवली.

३. आदेश आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी कधी मागितली ओ बदली?" शाखाधिकाऱ्यांनी त्यांना तो मेल उघडून दाखवला. खाते त्यांचे, नाव त्यांचे. त्या खाली बसल्या त्या बसल्याच. मग अर्जदाराकडे वळून हळूच म्हणाल्या, "सुबोधभाऊ, मीच पाठवलं असंल का ओ? आमच्या अम्मीचं बी असंच सुरू झालतं. आधी किल्ल्या विसरायची, मग आम्हाला विसरली."

अर्जदाराच्या ध्यानात तेव्हाच सारे आले होते. तोंड उघडायला काय झाले होते? पण नोकरी जाईल ही भीती होती. "असू द्या की मॅडम, गडबडीत होतंय असं," एवढेच अर्जदार बोलला. लाज वाटते, साहेब. फार लाज वाटते.

४. तेव्हापासून मॅडम गॅस बंद केला का म्हणून घरी फोन करतात. साधी पावती फाडली तरी अर्जदारास दाखवून "बरोबर हाय न्हवं?" विचारतात. निरोप समारंभात भाषण अर्जदाराच्याच गळ्यात पडले, आणि मॅडमनी डोळे पुसत त्याचेच आभार मानले. काल त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सोमवारी त्यांना करमाळ्यास हजर व्हायचे आहे.

५. तरी बदली त्वरित रद्द व्हावी. अर्जदारावर जी कारवाई करायची ती खुशाल करावी. त्याला आता करमाळा नको. चिठ्ठी त्याने नखाने खरवडून काढली आहे. हा अर्ज हाताने लिहून स्वतः आणून दिला आहे, मेल करण्याचा धीर झाला नाही.

आपला अपराधी,
(सही)
सु. ना. हत्तुरे
सोलापूर, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : खरवडलेली चिठ्ठी, शिक्क्यासह.

प्रत : श्रीमती अनिसा नदाफ यांना, समक्ष.
मॅडम, तुमचं डोकं एकदम ठिकाणावर आहे. तुम्ही काही विसरला नाहीत. तो मेल मी पाठवला.